सोनोग्राफीचा प्रोब : एकच वस्तू बोलते आणि ऐकते कशी?

चौकसबुद्धी

सोनोग्राफीविषयी बोलताना आपण बहुधा पडद्यावरच्या चित्राविषयी बोलतो. जेल लावून त्वचेवर फिरवल्या जाणाऱ्या त्या मुठीएवढ्या प्रोबकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्यातून कानाला ऐकू न येणारा ध्वनी शरीरात जातो, आतल्या अवयवांवरून त्याचे प्रतिध्वनी परत येतात आणि त्यांचे चित्र बनते, एवढे शाळेपासून ठाऊक आहे. माझी अडचण त्यापुढची आहे.

ध्वनी सोडणारा आणि प्रतिध्वनी ऐकणारा भाग एकच असेल, तर स्वतःच्याच आवाजाने तो बधिर कसा होत नाही? शिवाय पोटासाठी एक, गळ्यासाठी दुसरा आणि हृदयासाठी तिसरा असे निरनिराळे प्रोब एकाच मशीनला जोडलेले का असतात? मशीनमधले सेटिंग बदलून काम का भागत नाही?

थोडेफार वाचन केल्यावर माझे असे मत झाले आहे की चित्र चांगले येणे वा न येणे हे मशीनपेक्षा प्रोबवर अधिक ठरते. या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हे मत पटते का, हे जाणून घ्यायला आवडेल.

मंद्रसप्तक

उत्तम विषय. भौतिकशास्त्र शिकवत असल्यामुळे मुळापासून सुरुवात करतो.

काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार निर्माण होतो, हे पिएर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. याच्या उलटही घडले पाहिजे, म्हणजे विद्युतदाब दिल्यावर स्फटिकाने आपला आकार किंचित बदलला पाहिजे, असे गाब्रिएल लिपमन यांनी १८८१ मध्ये गणिताने मांडले आणि क्युरी बंधूंनी ते लगेच प्रयोगाने सिद्ध केले. प्रोबचे बोलणे आणि ऐकणे या दोन्ही क्रिया या एकाच गुणधर्माच्या दोन दिशा आहेत. विद्युतस्पंद दिला की क्रिस्टल थरथरतो आणि ध्वनी निर्माण होतो. प्रतिध्वनी येऊन आदळला की तोच क्रिस्टल सूक्ष्म प्रमाणात दबतो आणि विद्युतसंकेत निर्माण होतो.

वेगवेगळ्या प्रोबचे कारणही इथेच दडलेले आहे. क्रिस्टलची जाडी त्याच्या आतील ध्वनीच्या तरंगलांबीच्या निम्मी असते, तेव्हा तो सर्वांत जोमाने कंप पावतो. प्रोबमध्ये वापरल्या जाणाऱ्या सिरॅमिकमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ४००० मीटर असतो. त्यामुळे ५ मेगाहर्ट्झसाठी तरंगलांबी ०.८ मिलिमीटर आणि क्रिस्टलची जाडी ०.४ मिलिमीटर येते. १० मेगाहर्ट्झ हवे असतील तर जाडी ०.२ मिलिमीटर लागेल. प्रोब कोणत्या वारंवारतेच्या आसपास काम करणार हे असे कारखान्यातच, पदार्थाच्या जाडीने, ठरून गेलेले असते. सेटिंग बदलून त्या पट्ट्याच्या आत थोडे वरखाली करता येते, त्याच्या फार बाहेर जाता येत नाही.

कवडसा

मंद्रसप्तक सर, क्युरी बंधूंनी क्वार्ट्झसारख्या नैसर्गिक स्फटिकांवर काम केले होते. प्रोबमध्येही क्वार्ट्झच असतो का?

मंद्रसप्तक

कवडसा, पहिल्या महायुद्धाच्या काळात पाणबुड्यांचा वेध घेण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच वापरला होता. आजच्या प्रोबमध्ये मात्र मुख्यत्वे लेड झिर्कोनेट टायटॅनेट, म्हणजेच पीझेडटी, हे कृत्रिम सिरॅमिक असते. विजेचे कंपनात आणि कंपनाचे विजेत रूपांतर करण्याची त्याची क्षमता क्वार्ट्झपेक्षा कितीतरी अधिक आहे. भट्टीतून बाहेर येते तेव्हा त्याच्यात हा गुण एकंदरीत दिसत नाही, कारण आतील सूक्ष्म विद्युतध्रुव वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात. ते तापवून तीव्र विद्युतक्षेत्रात ठेवले आणि क्षेत्र तसेच ठेवून थंड केले की बरेचसे ध्रुव एका दिशेला वळतात आणि तसेच राहतात. पुन्हा फार तापवले तर ही शिस्त मोडते, हे लक्षात ठेवा. प्रोब निर्जंतुक करण्याचा विषय निघेल तेव्हा याची गरज पडेल.

तारजोड

मी वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचे काम करतो. निकामी झालेले प्रोब उघडून पाहण्याची संधी मला अनेकदा मिळाली आहे, म्हणून आत काय दिसते ते सांगतो.

त्वचेला टेकणारा रबरासारखा राखाडी भाग म्हणजे लेन्स. तो सिलिकॉन रबराचा असतो. त्यात ध्वनीचा वेग शरीरातल्यापेक्षा कमी असल्यामुळे त्याचा फुगीर आकार ध्वनीचा झोत एका दिशेने एकवटतो. त्याच्या मागे एक किंवा अधिक पातळ थर असतात, त्यांना मॅचिंग लेयर म्हणतात. त्यांच्या मागे क्रिस्टल आणि सर्वांत मागे बॅकिंगचा जाड ठोकळा.

मॅचिंग लेयर कशासाठी, हे आकड्यांवरून चटकन कळते. ध्वनीच्या वाटेत पदार्थ किती अडसर करतो, हे अकूस्टिक इम्पीडन्सने मोजतात. पीझेडटीसाठी तो सुमारे ३० मेगारेल, तर शरीराच्या मऊ ऊतींसाठी अवघा दीडच्या आसपास असतो. इतक्या विषम पदार्थांचा थेट संबंध आला, तर ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जा सीमेवरूनच मागे फिरेल. दोहोंच्या मधला इम्पीडन्स असलेला, पाव तरंगलांबीएवढ्या जाडीचा थर मध्ये ठेवला, की ध्वनी जातानाही सुलभतेने जातो आणि येतानाही सुलभतेने येतो.

बॅकिंगचे काम याच्या उलट, म्हणजे क्रिस्टलला आवरण्याचे आहे. घंटेवर टोला दिल्यावर लगेच तिच्यावर हात ठेवला तर नाद तिथेच तुटतो. इपॉक्सीमध्ये टंगस्टनची पूड मिसळून केलेला बॅकिंगचा ठोकळा क्रिस्टलच्या बाबतीत तेच करतो. त्यामुळे प्रोबमधून दोन-तीन आवर्तनांचाच आखूड स्पंद बाहेर पडतो. स्पंद जितका आखूड, तितक्या जवळच्या दोन सीमा वेगळ्या दिसतात.

आणि क्रिस्टल एक अखंड पट्टी नसतो. हिऱ्याची धार असलेल्या पात्याने तो शेजारीशेजारी बारीक घटकांत कापलेला असतो. सर्वसाधारण प्रोबमध्ये असे १२८ किंवा १९२ घटक असतात आणि बहुतेक प्रोबमध्ये प्रत्येकाला केसासारखी बारीक स्वतंत्र कोअ‍ॅक्सिअल तार असते. बाहेरून एकच दिसणारी ती जाड केबल म्हणजे अशा तारांची जुडी आहे. तिच्यावरून ट्रॉलीचे चाक गेले की काय होत असेल, ते यावरून समजून घ्यावे.

रानवारा

वाचत आहे. पुढच्या तपासणीच्या वेळी मी पडद्याकडे न पाहता प्रोबकडेच पाहत राहणार, हे नक्की.

एक प्रश्न आहे. लेन्स मऊ असते आणि त्वचाही मऊ असते, मग मध्ये ते गार, चिकट जेल लावण्याची गरज काय?

पाचपाकळी

रानवारा, प्रोब कितीही घट्ट टेकवला तरी त्वचेच्या खळग्यांत आणि केसांभोवती हवेचा पातळ थर अडकून राहतो. तारजोड यांनी दिलेल्या हिशेबात हवा बसवून पाहा. हवेचा इम्पीडन्स ०.०००४ मेगारेल, म्हणजे ऊतींच्या काही हजार पटींनी कमी आहे. ऊती आणि हवा यांच्या सीमेवरून ९९.९ टक्के ऊर्जा परावर्तित होते. त्यामुळे कागदाइतका पातळ हवेचा थरही पडदा काळा करायला पुरेसा असतो. जेल मुख्यत्वे पाण्याचे असते, ते हवा हटवते आणि ध्वनीला सलग वाट करून देते.

रुग्णांना भरलेल्या मूत्राशयाने यायला सांगतात, त्यामागेही हेच कारण आहे. आतड्यांतील वायू ध्वनी अडवतो. भरलेले मूत्राशय आतड्यांना बाजूला सारते आणि त्यातील द्रवातून ध्वनी जवळजवळ न घटता मागच्या अवयवांपर्यंत पोहोचतो. थांबणे त्रासाचे असते, हे मी रोज पाहते. परंतु त्या एका गोष्टीने चित्रात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

निळीशाई

मी रेडिओलॉजिस्ट आहे. धागाकर्त्याने विचारलेल्या 'वेगवेगळे प्रोब का' या प्रश्नाला मंद्रसप्तक यांनी दिलेले उत्तर बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. जाडी कशीही ठेवता येते, मग सर्वच प्रोब सर्वांत जास्त वारंवारतेचे का बनवत नाहीत, हा प्रश्न उरतोच.

वारंवारता वाढवली की तरंगलांबी घटते आणि बारकावे अधिक दिसतात. ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सरासरी १५४० मीटर मानला जातो. त्यानुसार ३ मेगाहर्ट्झला तरंगलांबी अर्ध्या मिलिमीटरची, तर १० मेगाहर्ट्झला ०.१५ मिलिमीटरची येते. पण याची किंमत खोलीत मोजावी लागते. मऊ ऊतींमध्ये ध्वनी साधारणतः दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे अर्धा डेसिबल घटतो. १० सेंटिमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी जाऊन येऊन २० सेंटिमीटरचा प्रवास करतो. ३ मेगाहर्ट्झला ही घट ३० डेसिबल, म्हणजे ऊर्जेचा हजारावा भाग उरतो. ५ मेगाहर्ट्झला लाखावा भाग उरतो. १० मेगाहर्ट्झला १०० डेसिबल, म्हणजे हजार कोटींमधला एक भाग उरतो आणि तो यंत्राच्या स्वतःच्या विद्युत-गोंगाटात हरवून जातो. यात अवयवाच्या सीमेवरून मुळातच फार थोडा भाग परावर्तित होतो, ते नुकसान अजून धरलेले नाही.

म्हणूनच यकृत, मूत्रपिंड आणि गर्भ यांसाठी २ ते ५ मेगाहर्ट्झचा कॉन्व्हेक्स प्रोब वापरतात. त्याचे तोंड वक्र असल्यामुळे खोलवर जाताना दृश्य पंख्यासारखे रुंदावते. थायरॉइड, स्तन, स्नायू आणि त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या यांसाठी ५ ते १५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सपाट तोंडाचा लिनिअर प्रोब लागतो. योनिमार्गातून आत घालून तपासायच्या टीव्हीएस प्रोबचा विचारही याच दिशेने होतो. अवयवापर्यंतचे अंतरच कमी केले की गर्भाशय आणि बीजांडकोशांसाठी अधिक वारंवारता वापरणे परवडते. रक्तवाहिनीच्या आत जाणारे कॅथेटरवरचे प्रोब तर २० ते ४० मेगाहर्ट्झ आणि त्यापुढेही काम करतात, कारण त्यांना फक्त काही मिलिमीटर पाहायचे असते.

आता मतभेद. 'मशीनपेक्षा प्रोबवर अधिक ठरते' हे मला मान्य नाही. तोच प्रोब, तेच मशीन आणि तोच रुग्ण असूनही दोन तपासनीसांच्या हातून दोन वेगळी चित्रे निघतात. प्रोब किती अंशात कलवायचा, किती दाबायचा, श्वास कधी रोखायला सांगायचा, फोकस कुठे ठेवायचा, यांवर निदान अवलंबून असते.

तारजोड

निळीशाई, हाताचे महत्त्व कोणीच नाकारणार नाही. पण संकेताच्या वाटेने विचार केला तर प्रोबमध्ये जे गमावले ते पुढे कोणीही परत आणू शकत नाही. घटक मृत असतील, लेन्स सुटली असेल किंवा बँडविड्थ, म्हणजे प्रोबला पेलणाऱ्या वारंवारतांचा पट्टा, अपुरी असेल, तर निष्णात हात आणि महागडे मशीन दोन्ही लंगडे पडतात. त्या अर्थाने मी चौकसबुद्धी यांच्या बाजूने आहे.

आवर्तन

दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचल्यावर हृदयाचे उदाहरण द्यावेसे वाटते, कारण इथे प्रोब आणि मशीन वेगळे काढताच येत नाहीत.

हृदय फासळ्यांच्या मागे आहे आणि दोन्ही बाजूंना हवेने भरलेली फुप्फुसे आहेत. पाहायला वाट म्हणाल तर दोन फासळ्यांमधली चिंचोळी फट. तिथे कॉन्व्हेक्स प्रोब नीट बसत नाही. म्हणून सुमारे २ सेंटिमीटर रुंदीचा फेज्ड अ‍ॅरे प्रोब वापरतात. तो जागचा हलत नाही, तरी त्याचा झोत डावीकडून उजवीकडे झाडला जातो. सर्व घटक एकाच वेळी न वाजवता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंचित विलंबाने वाजवले, की तरंगांची एकत्रित आघाडी तिरपी निघते. विलंब बदलला की कोन बदलतो.

यात एक अट आहे. लगतच्या घटकांतील अंतर तरंगलांबीच्या निम्म्याहून जास्त असले आणि झोत खूप तिरपा केला, तर भलत्या दिशेलाही एक झोत निघतो आणि चित्रात नसलेली रचना दिसू लागते. २.५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ०.६ मिलिमीटर, म्हणून अंतर ०.३ मिलिमीटर. असे ६४ घटक मांडले की रुंदी १९ मिलिमीटर येते. फासळ्यांच्या फटीत बसणारा आकार आणि झोत वळवण्याचे गणित किती सुंदर जुळून येते, ते पाहा. हे जुळणे मला आजही विलक्षण वाटते.

हृदयाला ध्वनीने पाहण्याची सुरुवात १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि कार्ल हेल्मुट हर्ट्झ यांनी केली. धातूतील दोष शोधणारे यंत्र त्यांनी त्यासाठी वापरले होते. तेव्हा प्रोबमध्ये एकच क्रिस्टल होता आणि त्यातून मिळत होती फक्त एक रेषा.

कवडसा

आवर्तन, विलंब देऊन झोत वळवणे समजले. फोकस करणेही याच पद्धतीने होते का?

मंद्रसप्तक

होय. एक उदाहरण प्रत्यक्ष सोडवून दाखवतो. घटकांच्या २० मिलिमीटर रुंद गटाला ५० मिलिमीटर खोलीवर झोत एकवटायचा आहे. मधल्या घटकापासून त्या बिंदूचे अंतर ५० मिलिमीटर आहे. कडेच्या घटकापासून पायथागोरसच्या सिद्धांताने ते ५१ मिलिमीटरला अगदी किंचित कमी येते. म्हणजे कडेच्या ध्वनीला जवळजवळ १ मिलिमीटर जास्त जायचे आहे आणि त्याला सुमारे ०.६५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणून कडेचे घटक मधल्यापेक्षा तेवढे आधी वाजवायचे आणि त्यांच्या दरम्यानच्यांना त्या प्रमाणात विलंब द्यायचा. सर्वांचे तरंग त्या बिंदूवर एकाच क्षणी पोहोचतात.

ऐकताना याहून मोठी सोय आहे. ध्वनी सोडताना फोकस एका वेळी एकाच खोलीवर ठेवता येतो. प्रतिध्वनी मात्र आधी जवळचे आणि नंतर लांबचे असे क्रमाने येतात, त्यामुळे मशीन ऐकता ऐकता विलंब बदलत जाते आणि प्रत्येक खोलीसाठी फोकस जुळवत राहते.

तारजोड आणि निळीशाई यांच्या वादात मला इतकेच म्हणायचे आहे की हे विलंब नॅनोसेकंदांच्या अचूकतेने सांभाळणारा बीमफॉर्मर परंपरेने मशीनमध्ये असतो. त्याच्याशिवाय १२८ घटक म्हणजे परस्परांशी मेळ नसलेले १२८ आवाज.

निळीशाई

मंद्रसप्तक यांनी फोकसविषयी लिहिले, त्याला एक जोड द्यायची आहे, कारण वाचन करताना विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. विलंबाने होणारा फोकस हा चित्राच्या प्रतलातला असतो. चित्राच्या जाडीच्या दिशेने, म्हणजे प्रोबच्या अरुंद बाजूने, सर्वसाधारण प्रोबमध्ये घटकांची एकच ओळ असल्यामुळे तिथे विलंब देता येत नाही. तिथे फक्त ती रबरी लेन्स काम करते आणि तिचा फोकस एका ठरावीक खोलीवर कायमचा असतो.

परिणामी पडद्यावर दिसणारे चित्र कागदासारखे पातळ नसून काही मिलिमीटर जाडीच्या कापाचे असते. त्या जाडीत येणाऱ्या सगळ्या प्रतिध्वनींची सरमिसळ होते. अगदी लहान, स्वच्छ द्रवाची गाठ असली तरी शेजारच्या ऊतींचे प्रतिध्वनी तिच्यात मिसळतात आणि ती घट्ट पदार्थाने भरल्यासारखी भासू शकते. अशा वेळी मी प्रोब ९० अंशांत फिरवून पाहते, शक्य तेव्हा जास्त वारंवारतेचा प्रोब घेते आणि गाठीच्या मागे उजळ पट्टा उमटतो का ते तपासते. द्रवात ध्वनी कमी घटत असल्याने त्यामागचा भाग उजळ दिसतो.

रानवारा

अवांतर वाटल्यास क्षमा असावी. क्रिस्टलऐवजी सिलिकॉन चिप असलेले आणि मोबाइलला जोडता येणारे प्रोब आले आहेत, एकाच प्रोबने सगळे अवयव पाहता येतात, असे वाचले. तसे असेल तर वेगवेगळ्या प्रोबची ही चर्चा लवकरच कालबाह्य होणार का?

तारजोड

अवांतर मुळीच नाही. त्या तंत्राला सीमट म्हणतात. सिलिकॉनवर लाखो नव्हे, पण हजारो सूक्ष्म पडदे बनवलेले असतात. प्रत्येक पडदा आणि त्याखालचा तळ यांच्या मधल्या अतिशय अरुंद पोकळीला विद्युतदाब दिला की पडदा ओढला जातो आणि कंप पावतो. ध्वनी आदळला की पडदा हलून विद्युतधारिता बदलते. पातळ पडद्याचा इम्पीडन्स ऊतींना बराच जुळता असल्यामुळे त्याची बँडविड्थ फार मोठी असते आणि १ ते १० मेगाहर्ट्झचा पल्ला एकाच प्रोबमध्ये मिळू शकतो.

तरीही निळीशाई यांनी वर दिलेला घटीचा हिशेब चिपसाठी बदलत नाही. १० मेगाहर्ट्झचा ध्वनी शरीरात तसाच घटतो. तोंडाचा आकारही एकच राहतो, त्यामुळे फासळ्यांची फट आणि गरोदर स्त्रीचे पोट या दोन्ही ठिकाणी तो सारखाच सोयीचा ठरत नाही. तातडीच्या कक्षात, रुग्णवाहिकेत किंवा तज्ज्ञ दूर असलेल्या ठिकाणी त्याचे मोल फार मोठे आहे. बारकाईने निदान करायचे असेल, तर त्या त्या अवयवासाठीच बनवलेला प्रोब मी पसंत करीन.

पाचपाकळी

देखभालीविषयी अजून कोणी लिहिलेले नाही आणि मला तो भाग फार महत्त्वाचा वाटतो. प्रोब हातातून पडला की बाहेरून काही दिसत नाही आणि काम पुढे सुरू राहते. काही काळाने चित्रात एक अंधूक उभा पट्टा दिसू लागतो. तो त्वचेलगत सर्वांत स्पष्ट असतो आणि खोलवर जाता जाता पुसट होतो. तपासणाऱ्याला वाटते की जेल कमी पडले असावे.

तारजोड, हे वेळीच ओळखण्याची सोपी पद्धत तुम्ही सविस्तर सांगाल का?

तारजोड

अवश्य. प्रोबचे तोंड पुसून कोरडे करा आणि तो हवेत धरा. लेन्स आणि हवा यांच्या सीमेवरून ध्वनी मागेपुढे आपटत राहतो, त्यामुळे पडद्याच्या वरच्या भागात एकमेकींना समांतर उजळ रेषा दिसतात. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारख्या असायला हव्यात. कुठे काळी खिंड दिसली, तर तिथले घटक, त्यांची तार किंवा कनेक्टरची पिन यांपैकी काहीतरी बिघडले आहे, किंवा तिथे लेन्स सुटली आहे.

मग कागदाची धातूची क्लिप सरळ करून तिची तार, थेंबभर जेल लावून, प्रोबच्या तोंडावर आडवी टेकवायची आणि अगदी हलक्या हाताने एका टोकाकडून दुसरीकडे सरकवायची. तार जिथे असेल तिथे खाली उजळ रेघांची माळ उमटते आणि तारेबरोबर पुढे सरकते. मृत घटकापाशी ती माळ विझते आणि तो ओलांडला की पुन्हा पेटते. टोक बोथट ठेवावे, लेन्सवर ओरखडा उठता कामा नये. फेज्ड अ‍ॅरेमध्ये झोत अनेक घटक मिळून बनत असल्यामुळे ही चाचणी इतकी सरळ वाचता येत नाही.

एक-दोन घटक गेल्याने साधे चित्र फारसे बिघडत नाही. शेजारशेजारचे अनेक गेले, तर झोताचा आकार बिघडतो आणि डॉप्लर तपासणीत मोजलेल्या रक्तप्रवाहाच्या वेगावर त्याचा परिणाम होऊ शकतो. लेन्सला चीर पडलेला प्रोब तर त्या क्षणी बाजूला ठेवला पाहिजे, कारण तिच्यातून जेल आत झिरपते आणि रुग्णाला विजेचा धोका उद्भवतो.

मंद्रसप्तक यांनी राखून ठेवलेला मुद्दाही आता घेतो. पीझेडटीची ध्रुवशिस्त पूर्णपणे मोडायला, प्रकारानुसार, २०० अंश सेल्सिअस ते त्याहून बरेच जास्त तापमान लागते. ऑटोक्लेव्हचे १२१ किंवा १३४ अंश त्यापेक्षा कमी असले तरी थर चिकटवणारे गोंद आणि लेन्स ते सोसू शकत नाहीत. नव्या पिढीच्या सिंगल क्रिस्टल प्रोबची सहनशक्ती याहूनही कमी असते. म्हणून सर्वसाधारण प्रोब उष्णतेने निर्जंतुक करत नाहीत.

पाचपाकळी

आभारी आहे. त्याला जोडून इतकेच, की अखंड त्वचेवर वापरलेला प्रोब जेल पूर्ण पुसून साध्या निर्जंतुकीकरणाने स्वच्छ करतात. शरीराच्या आत, श्लेष्मल आवरणाला स्पर्श करणाऱ्या टीव्हीएससारख्या प्रोबला मात्र आवरण घातलेले असले तरी प्रत्येक रुग्णानंतर उच्च पातळीचे निर्जंतुकीकरण आवश्यक असते, कारण आवरण फाटू शकते. कोणते द्रावण चालेल हे प्रोबच्या माहितीपत्रकात पाहावे. हाताशी आहे म्हणून स्पिरिटने पुसत राहिल्यास काही प्रोबची लेन्स कडक होऊन तडकते.

कवडसा

या ध्वनीने शरीराला अपाय होत नाही, असे आपण नेहमी ऐकतो. ते कितपत खरे आहे?

निळीशाई

यात क्ष-किरणांसारखे आयनीभवन नसते, हे खरे. तरीही ध्वनी ही ऊर्जा आहे आणि तिचा काही भाग उष्णतेत बदलतो. पडद्याच्या कोपऱ्यात एमआय आणि टीआय अशी दोन अक्षरे आणि आकडे दिसतात. टीआय तापमानवाढीची शक्यता दाखवतो, एमआय दाबाच्या चढउतारामुळे सूक्ष्म बुडबुड्यांवर होणाऱ्या परिणामाची. अमेरिकेच्या एफडीएने एमआयसाठी १.९ ही मर्यादा ठेवली आहे. डोळ्यासाठी ती ०.२३ इतकी कडक आहे. स्पंद-डॉप्लरमध्ये ऊर्जा एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा जाते, म्हणून गर्भधारणेच्या पहिल्या तीन महिन्यांत त्याचा सरसकट वापर टाळतात. प्रोब स्वतःही तापतो. रुग्णाच्या अंगाला टेकलेला असताना त्याच्या पृष्ठभागाचे तापमान ४३ अंशांवर जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे.

चौकसबुद्धी

सर्वांचे मनापासून आभार. निरनिराळ्या प्रोबविषयीचे माझे समाधान झाले आणि बीमफॉर्मरविषयी वाचल्यावर माझे मूळ मतही मी बदलतो आहे. तरी पहिला प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. क्रिस्टल दोन्ही कामे करू शकतो हे कळले. पण स्वतःच्या दणक्यानंतर लगेच तो इतके क्षीण प्रतिध्वनी ऐकतो कसा?

मंद्रसप्तक

तो दोन्ही कामे एकाच वेळी करत नाही, हे त्याचे उत्तर आहे. ५ मेगाहर्ट्झच्या तीन आवर्तनांचा स्पंद ०.६ मायक्रोसेकंदात संपतो. ध्वनीला १ सेंटिमीटर खोलवर जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १५ सेंटिमीटर खोलीसाठी १९५ मायक्रोसेकंद. एवढा वेळ प्रोब केवळ ऐकत असतो. त्याच्या एकूण वेळेतील शंभरावा भागही बोलण्यात जात नाही. चित्राच्या १२८ रेषा प्रत्येकी एका स्पंदाने काढायच्या म्हटल्या, तर एका चित्राला सुमारे २५ मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला ४० चित्रे मिळतात. याहून जलद हवे असेल तर खोली, रेषा किंवा चित्राची रुंदी कमी करावी लागते, नाहीतर एका स्पंदातून अनेक रेषा मिळवण्याची युक्ती लढवावी लागते.

तारजोड

आणि विद्युतबाजूने पाहिले तर क्रिस्टलला ध्वनी सोडताना दहा-वीस ते शंभर व्होल्टपर्यंतचा स्पंद दिला जातो, तर खोलवरच्या प्रतिध्वनीतून मिळणारा संकेत मायक्रोव्होल्टांत असतो. त्याच तारेला जोडलेला नाजूक अ‍ॅम्प्लिफायर स्पंदाने जळून जाऊ नये म्हणून मध्ये एक जलद स्विच असतो. बोलताना तो अ‍ॅम्प्लिफायरला तोडतो आणि स्पंद संपताच जोडतो.

तरी तुमची शंका काही अंशी खरीच आहे. स्विच पूर्ववत होईपर्यंत आणि बॅकिंगने आवरूनही क्रिस्टलमध्ये उरलेली थरथर शमेपर्यंत प्रोब खरोखरच बधिर असतो. त्या अवधीत येणारे, म्हणजे अगदी तोंडाजवळचे, प्रतिध्वनी त्याला नीट ऐकू येत नाहीत. चित्राच्या माथ्यावरची ती पांढरी, तपशील नसलेली पट्टी त्याचीच आहे.

पाचपाकळी

म्हणूनच त्वचेतली लहानशी गाठ किंवा नखाखालचा भाग पाहायचा असेल, तर मी जास्त वारंवारतेचा लिनिअर प्रोब घेते, जेलचा अर्धा-एक सेंटिमीटर जाड थर देते आणि प्रोब त्वचेला न टेकवता त्या थरावर अलगद तरंगता धरते. बधिर पट्टी जेलमध्येच संपते आणि गाठ फोकसच्या खोलीवर येते. जेलमध्ये बुडबुडा राहिला तर त्याखाली सावली पडते, म्हणून बाटली उलटी ठेवून जेल तोंडाशी आणावे आणि ते सावकाश, धार न तोडता सोडावे.